अडतीस कवळ्यांची चोरी

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येते आणि मागोमाग त्या हसण्याची लाज वाटते. फिर्याद द्यायला आलेली बाई समोर उभी असताना ठाण्यात सगळ्यांत आधी हसलो तो मीच.

नव्वदचे दशक संपून दोन-चार वर्षे झाली होती. मी निफाड तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. द्राक्षाचा हंगाम चालू होता आणि त्या दिवसांत आमच्याकडची कामे ठरलेली असत. कुणा व्यापाऱ्याने माल उचलला आणि तो गायब झाला, ट्रॅक्टरला ट्रकने ठोकले, पाण्याच्या पाळीवरून दोन भाऊ फावडी घेऊन एकमेकांवर धावले. त्या बुधवारी सकाळी हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी पाहत होतो. तेवढ्यात ग्रामीण रुग्णालयातल्या दातांच्या डॉक्टर आत आल्या. वय सत्तावीस-अठ्ठावीस, नेमणूक कंत्राटी, नाशिकहून रोज एसटीने येणाऱ्या. ठाणे अंमलदार म्हणून बसलेल्या हवालदाराने विचारले, काय चोरीला गेले?

"दात," त्या म्हणाल्या. "अडतीस माणसांचे."

हवालदाराने माझ्याकडे पाहिले. मी हसलो, म्हणून तो हसला, मग वायरलेसवरचा शिपाईही हसला. डॉक्टर मात्र हसल्या नाहीत. आमचे आटोपेपर्यंत त्या थांबल्या आणि मग खुर्चीवर बसून त्यांनी मला शांतपणे सगळे समजावले. पहिली पाच मिनिटे मी तोंडदेखले ऐकले. नंतर मात्र डायरी मिटून ठेवली.

सरकारने त्या वर्षी काही तालुक्यांत एक नवी योजना सुरू केली होती. पिवळे रेशनकार्ड, वय साठच्या पुढे, आणि ज्यांना कुठल्याही विम्याचा किंवा सरकारी नोकरीतल्या औषधपाण्याचा आधार नाही, अशा लोकांचे दात फुकट तपासायचे, किडलेले काढायचे, आणि गरज असेल त्यांना पूर्ण कवळी बसवून द्यायची. ऐकायला सोपे होते. प्रत्यक्षात लोक यायला तयार नव्हते. फुकट म्हणजे काहीतरी गोम असणार, दात काढून घेतील आणि पुन्हा तोंड दाखवणार नाहीत, असे गावोगाव बोलले जात होते. डॉक्टरांनी देवळांत, ग्रामपंचायतींत बसून लोकांची समजूत घातली होती. शेवटी काही म्हातारी माणसे तयार झाली. त्यांचे उरलेसुरले दात काढले. हिरड्या भरून यायला तीन-चार महिने लागतात, तेवढे दिवस ती माणसे पेज आणि वरणात कुस्करलेली भाकरी खाऊन राहिली. मग प्रत्येकाच्या हिरड्यांचे माप घेतले, नाशिकला कवळ्या तयार झाल्या आणि मंगळवारी संध्याकाळी खोक्यात भरून रुग्णालयात आल्या. येत्या सोमवारी वाटप होते. बुधवारी सकाळी खोके नव्हते.

"साहेब, ह्या लोकांचे दात मी स्वतः काढलेत," डॉक्टर म्हणाल्या. "माझ्या शब्दावर त्यांनी तोंड उघडलं. सोमवारी मी त्यांना काय सांगू?"

पुन्हा करायच्या म्हटल्या तर मंजुरीपासून सुरुवात, म्हणजे आणखी चार-सहा महिने. आणि पहिलीच तुकडी अशी फसली तर पुढच्या वर्षी ह्या तालुक्यात योजना राहीलच असे नाही. मी फिर्याद लिहून घेतली. इमारतीतून चोरी, कलम तीनशे ऐंशी. मालाच्या वर्णनात 'कवळ्या, अडतीस जोड' असे लिहिले. किमतीच्या रकान्याशी हवालदार अडला. डॉक्टरांना विचारले तर त्या म्हणाल्या, बाजारात ह्यांची किंमत काहीच नाही, कारण ज्याची त्यालाच बसते.

तिथेच माझे डोके चालायला हवे होते. ते चालले नाही.

रुग्णालयात जाऊन पंचनामा केला. दातांच्या विभागाची खोली सकाळी साडेसहाला झाडण्यासाठी उघडली जात असे आणि डॉक्टर येईपर्यंत उघडीच राहत असे. कुलूप शाबूत, खिडकी शाबूत. पहारेकरी, झाडू मारणाऱ्या मावशी, रात्रपाळीच्या सिस्टर, तिघांनाही एकच प्रश्न विचारला, सकाळी कुणी आले होते का? तिघांनीही कुणी नाही म्हणून सांगितले. मी तसे जबाब घेतले. नवीन अधिकाऱ्यांना मी पुढे नेहमी सांगत आलो की 'कुणी आले होते का' हा प्रश्न कामाचा नाही. त्याचे उत्तर देताना माणूस फक्त परक्यांना मोजतो. रोज येणारा त्याच्या लेखी आलेलाच नसतो. पण हे शहाणपण मला त्या दिवशी नव्हते.

त्याच दुपारी खबर आली. विंचूरच्या कांदा मार्केटजवळ चहाची टपरी चालवणारा एक जण आम्हाला अधूनमधून माहिती देत असे. त्याचा निरोप होता की बाजारात बसणारा कवळीवाला सगळ्यांना सांगत सुटला आहे, सरकारी दात गेले, आता माझ्याकडेच यावे लागेल.

हा कवळीवाला आठवडे बाजारांतून फिरणारा माणूस. वय साठीच्या आसपास. पत्र्याची पेटी, मेण, प्लॅस्टर, कानस, हिरड्यांसाठीचा गुलाबी मसाला आणि एक आरसा एवढ्यावर त्याच्या वडिलांपासून धंदा चालत आलेला. योजना आल्यापासून त्याची गिऱ्हाईके आटली होती, आणि डॉक्टरांनी त्याच्याविरुद्ध एकदा तक्रारही केली होती. हेतू मिळाला, संधी मिळाली, असे मी मनाशी ठरवून टाकले. गुरुवारी बाजार ऐन भरात असताना त्याला पेटीसकट ठाण्यात आणले.

त्याच्या पेटीत सहा कवळ्या निघाल्या. हवालदाराला वाटले गुन्हा उघड झाला. मी आवाज चढवला, बाकीच्या कुठे आहेत म्हणून दोन तास तेच तेच विचारले. तो घाबरला होता, पण त्याच्या उत्तरात फरक पडत नव्हता. शेवटी डॉक्टरांना बोलावले. त्यांनी एक-एक कवळी उलटी करून पाहिली आणि मान हलवली. रुग्णालयाच्या प्रत्येक कवळीत आतल्या बाजूला नंबर कोरलेला होता. ह्यांत नंबर नव्हते.

डॉक्टरांसमोर त्या माणसाला जरा धीर आला. त्याने पाणी मागितले, ते प्याला आणि मला म्हणाला, "साहेब, रागावू नका, पण त्या खोक्याचा मला उपयोग काय? एकाचं माप दुसऱ्याच्या तोंडात बसत नाही. ज्याला दातांतलं कळतं तो असलं खोकं फुकट दिलं तरी घेणार नाही."

"मग कोण घेईल?"

"ज्याला हे ठाऊक नाही तो. आणि ज्याला दात पाहिजेत तो."

इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर मला हे एका बाजारात बसणाऱ्या माणसाने सांगावे लागले. मी त्याला विचारले, असे कुणी तुमच्याकडे आले होते का? ह्या वेळी प्रश्न बरा होता. त्याने सांगितले की आजच सकाळी पेटी मांडत असताना एक म्हातारी आली होती. तयार कवळी कानस मारून दुसऱ्याच्या तोंडात बसवता येते का, असे तिने विचारले. नाही, आधी माप लागते, असे त्याने सांगितल्यावर ती म्हणाली, माझे माप तर घेतलेय, मग ते गेले कुठे? त्याला काही कळले नाही. म्हातारीला तो ओळखत नव्हता. फक्त तिची बोटे त्याच्या लक्षात राहिली होती, देठ खुडून खुडून हिरवी-काळी पडलेली.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागात देवीचा एक फोटो होता आणि त्याला रोज सकाळी झेंडूचा हार घालायला जवळच्या वस्तीवरची एक फुलवाली आजी येत असे. हार घालायची आणि तशीच टोपली घेऊन पुढे एसटी स्टँडवर फुले विकायला जायची. योजनेच्या पहिल्या शिबिरात तिचे नाव होते. तिचे दात काढले होते, मापही घेतले होते. नंतर पक्की यादी आली तेव्हा तिच्या नावावर लाल रेघ होती.

मी पहारेकऱ्याला पुन्हा विचारले. तो म्हणाला, "ती व्हय? ती तर रोजच येती, साहेब."

कवळीवाल्याला सोडले. त्याच्या बाजाराचा दिवस आमच्यामुळे बुडाला होता. मी त्याला तसे म्हणालो आणि जीपने परत बाजारात पोचवायला सांगितले. पेटीतला सगळा सरंजाम पुन्हा जागच्या जागी लावून मगच तो जीपमध्ये बसला.

शुक्रवारी सकाळी दोन पंच आणि एक महिला शिपाई घेऊन मी वस्तीवर गेलो. कालव्याच्या अंगाला अर्धा एकर झेंडू आणि शेवंती, बाजूला पत्र्याची खोली. आजी एकटीच राहत होती. वय पासष्ट असेल. पोलीस पाहून ती पळाली नाही की रडली नाही. हातातला हार पुरा ओवून तिने गाठ मारली आणि उठून उभी राहिली. मी विचारले, रुग्णालयातले खोके तुमच्याकडे आहे का?

"हाय की," ती म्हणाली.

तोंडापुढे पदर धरून ती बोलत होती आणि दात नसल्यामुळे शब्द निसटत होते. मला प्रत्येक गोष्ट दोनदा विचारावी लागत होती. दुसऱ्यांदा सांगताना ती आणखी ओशाळत होती. तिने आम्हाला आत नेले. कोपऱ्यात फुलांची टोपली होती, वर ओले गोणपाट. ते तिने बाजूला केले. खाली धुतलेल्या धोतराच्या ओल्या फडक्यावर अडतीस कवळ्या रांगेने मांडलेल्या होत्या, वरची आणि खालची जोडीजोडीने.

"फुलं सुकू नये म्हणून वलं फडकं घालते, तशीच ठेवली," ती म्हणाली. "दुसऱ्याची वस्तू, खराब नको व्हायला."

"दुसऱ्याची आहे हे कळत होतं, तर नेली कशाला?"

"त्यात माझेबी हायेत म्हणून."

तिचे म्हणणे असे होते. डॉक्टरीणबाईंनी तिचे माप घेतले म्हणजे तिचे दात तयार झालेच असणार. नाव कापले म्हणजे ते दुसऱ्या कुणाला तरी देणार असणार. बुधवारी हार घालायला गेली तेव्हा दार उघडे होते, खोके टेबलावर होते. नंबर वाचता येत नव्हते, म्हणून आपले कुठले ते तिथे उभ्या उभ्या कळेना. मग तिने सगळेच खोके टोपलीत घेतले, आपले तेवढे काढून बाकीचे दुसऱ्या दिवशी हाराबरोबर परत ठेवायचे असे ठरवून. घरी येऊन तिने एक-एक जोड धुऊन तोंडात घालून पाहिला. अडतीसच्या अडतीस. एकही बसला नाही. गुरुवारी कवळीवाल्याकडे जाऊन विचारले. तोवर चोरीचा बोभाटा झाला होता, आणि परत नेऊन ठेवायची हिंमत होईना.

मी विचारले, नाव का कापले, हे तुम्हाला कुणी सांगितले नाही का? सांगितले, ती म्हणाली. खिडकीवरचा कारकून म्हणाला होता, तुमचा विमा आहे, विमेवाल्यांना दात नाहीत. मग पदर बाजूला करून माझ्याकडे सरळ पाहत तिने विचारले, "सायेब, विमा माणूस मेल्यावर भेटतो ना? मी तर कंदी काढला नाय. माझ्या पोरानं माझ्या मरणाचा कागद केलाय का, येवढं मला सांगा."

पंचांपैकी एकाने तोंड फिरवले. मलाही ते ठाऊक नव्हते. मी महिला शिपायाला जीप घेऊन पाठवले आणि डॉक्टरांना बोलावून घेतले.

डॉक्टर आल्या त्या थेट जमिनीवर आजीच्या शेजारी बसल्या. त्यांनी समजावले ते असे. आजीचा मुलगा नाशिकला कारखान्यात कामाला होता. कारखान्यातल्या कामगाराच्या पगारातून विमा कापतात आणि त्यावर त्याला, त्याच्या बायकामुलांना, अवलंबून असलेल्या आईवडिलांना दवाखाना आणि औषधे मिळतात. त्याचा मरणाशी संबंध नाही. मुलाने आपल्या कार्डावर आईचे नाव घातले होते, म्हणजे आईची काळजी केली होती. आणि ज्यांना तो दवाखाना आहे त्यांनी तिथे जावे, ज्यांना कसलाच आधार नाही त्यांच्यासाठी ही योजना, म्हणून नाव कापले.

आजीने सगळे दोनदा विचारून घेतले. मुलाने मरणाचा कागद केलेला नाही एवढे पक्के झाल्यावर ती भिंतीला टेकून बसली आणि बराच वेळ तिने पदराने डोळे पुसले. डॉक्टर मला हळूच म्हणाल्या, हे मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं. रांगेत ऐंशी माणसं होती, मी कारकुनावर सोडलं.

मग दातांची एवढी निकड का, हेही कळले. आजी दर रविवारी एसटीडी बूथवरून मुलाकडे फोन करायची. मुलगा नाशिकच्या इंदिरानगरला राहायचा, नात पहिलीत होती. दात काढल्यानंतरच्या एका रविवारी नातीने फोन घेतला, थोडे ऐकले आणि आईला हाक मारून म्हणाली, आजी काय बोलते ते कळतच नाही. आणि रिसीव्हर ठेवून गेली. त्यानंतर आजीने फोन केलाच नव्हता. मुलगाही बरेच दिवस फिरकला नव्हता.

अडतीस जणांच्या कवळ्या आजीने तोंडात घालून पाहिल्या, हे डॉक्टरांना मी अगदी शेवटी सांगितले. त्या इतक्या हसल्या की आजीसुद्धा हसू लागली. सगळ्या जंतुनाशकात घालाव्या लागतील, पण ओल्या ठेवल्या हे फार बरे झाले, असे त्या म्हणाल्या. कोरड्या पडल्या असत्या तर वाकड्या झाल्या असत्या. एका कवळीला मात्र तडा गेला होता. नाशिकला पाठवली तर सोमवारपर्यंत परत येणार नव्हती. मी कवळीवाल्याचे नाव काढले. डॉक्टरांना ते रुचले नाही, पण शनिवारी त्याला बोलावून त्यांनी समोर बसवून ती सांधून घेतली. काम झाल्यावर त्यांनी भिंगाखाली धरून बराच वेळ पाहिली आणि डब्यात ठेवली. पुढच्या काही महिन्यांत रुग्णालयाच्या दुरुस्तीच्या कामाला तो आठवड्यातून दोनदा यायला लागला, असे मी ऐकले.

आजीला मी अटक केली नाही. हवालदाराच्या मते करायला हवी होती, माल तिच्या घरातून मिळाला होता. मी म्हणालो, आपली वस्तू आहे असे मनापासून समजून जो उचलतो त्याच्या मनात चोरी नसते, आणि कायदाही तेच म्हणतो. जबाब घेतला, अंगठा घेतला, मुद्देमाल जप्त केला. शनिवारी तालुक्याच्या कोर्टात जप्त माल डॉक्टरांच्या ताब्यात देण्याचा अर्ज केला. न्यायाधीशांनी कागद वाचले, डब्यातला एक जोड मागवून पाहिला आणि लगेच आदेश दिला. सोमवारी ठरल्याप्रमाणे वाटप झाले. एका आजोबांनी आरशात पाहून मिशी पिळली. एका बाईंनी डॉक्टरांकडे पाव मागितला आणि तिथेच चावून पाहिला. मी गणवेशात मागे उभा होतो. कुणालाही माझी गरज नव्हती, आणि मला फार बरे वाटत होते.

पण त्याआधी रविवारी मी एक काम केले होते. शुक्रवारी दुपारी डॉक्टरांबरोबर बसून मी त्या योजनेचा शासन निर्णय सुरुवातीपासून वाचला. आठ पाने होती. त्यात अट अशी होती की सध्या कुठल्याही विम्याचा लाभ मिळत असलेली व्यक्ती पात्र नाही. 'सध्या' हा शब्द मी अधोरेखित केला. कारकुनाने विमाधारकांच्या ज्या यादीवरून नाव कापले ती कधीची आहे, हे विचारले तर ती तीन वर्षांपूर्वीची निघाली. म्हणून रविवारी साध्या कपड्यांत इंदिरानगरला गेलो.

मुलाचे घर सापडले, पण तो घरी नव्हता. त्याच्या बायकोने मला कोपऱ्यावरच्या इमारतीकडे पाठवले. तिथे जिन्याखालच्या जागेत तो कपड्यांना इस्त्री करत होता. मी कोण ते सांगितल्यावर त्याने इस्त्री उभी करून ठेवली आणि तो हात पुसत बाहेर आला. कारखाना बंद पडून दोन वर्षे झाली होती. सगळ्यांना एकदम घरी पाठवले होते. नोकरीबरोबर विमाही गेला. त्याने आईला ह्यातले काही सांगितले नव्हते. सुरुवातीला वाटले दुसरी नोकरी लागेल, मग सांगू. नंतर सांगायची हिंमत होईना. गावी गेले की आई कंपनीचे विचारणार, म्हणून तो जायचाच थांबला होता.

मी त्याला आईची हकिगत सांगितली. चोरीचा भाग आला तेव्हा त्याने मान खाली घातली. मी म्हणालो, विमा बंद झाल्याचा कागद मिळाला तर आईचे नाव पुन्हा यादीत बसेल.

"म्हणजे माझी नोकरी नाही, हे लिहून द्यायचं," तो म्हणाला. "आईला दाखवावं लागेल का?"

"रुग्णालयात दाखवावं लागेल. आईला सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

मंगळवारी तो कारखाना बंद झाल्याची नोटीस घेऊन आला, बरोबर मुलगीही होती. डॉक्टरांनी कागद घेतला, अर्ज भरून घेतला. मग तो मला म्हणाला, साहेब, तुम्ही वस्तीवर बरोबर चला, मला एकट्याला जमणार नाही. मी गेलो आणि बांधावरच थांबलो. त्याने आईला काय काय सांगितले ते मला ऐकू आले नाही. तो बराच वेळ बोलत होता. आजीने मध्येच त्याचा हात हातात घेतला, उलटा करून पाहिला. मनगटाच्या वर इस्त्रीचा लांबट डाग होता. त्यावरून बोट फिरवत ती म्हणाली, "मला वाटलं माझ्यावर रागावलास, म्हणून येत नाहीस."

नात तोवर झेंडूच्या वाफ्यात शिरली होती. आजीने तिला हाक मारली आणि काहीतरी सांगितले. पोरीला एका झटक्यात कळले नाही, तशी ती जवळ आली आणि तोंडाकडे बघत तिने पुन्हा विचारले. आजीने पुन्हा सांगितले. फोनवर न कळलेले समोरासमोर कळत होते.

आजीच्या मापाचा प्लॅस्टरचा साचा डॉक्टरांच्या कपाटात तसाच होता, त्यामुळे तिला फार थांबावे लागले नाही. दीड-दोन महिन्यांत तिची कवळी आली. पहिल्या आठवड्यात ती टोचते म्हणून दोनदा घासून घ्यावी लागली, तेव्हा ती कुरकुरलीही. गुन्ह्याचा मी सी समरी अहवाल पाठवला, म्हणजे गैरसमजातून नोंदला गेलेला गुन्हा. कोर्टाने तो मंजूर केला. माझ्या नोकरीत बक्षिसे मिळालेल्या केसेस आहेत, पेपरात फोटो आलेल्याही आहेत. ह्या केसमध्ये ना आरोपी होता ना शिक्षा, आणि गुन्हे आढाव्याच्या बैठकीत माझ्या साहेबांनी तिच्यावर अर्धे मिनिटसुद्धा घालवला नाही. तरी समाधान कशाने मिळाले असे कुणी विचारले तर मी हीच सांगतो.

शिकायला मिळाले ते साधेच आहे. ह्या केसच्या आधी संशयित समोर आला की मी विचारायचो, का नेलेस? त्यानंतर विचारू लागलो, तुला काय वाटले होते? ह्या प्रश्नाला माणसे खरे बोलतात, असा माझा अनुभव आहे. दुसरे असे, की सरकार चांगली गोष्ट करते तेव्हाही ती खिडकीवरच्या एका वाक्यात माणसापर्यंत पोचते. ते वाक्य चुकले की आठ पानांचा निर्णय वाया जातो. आजीचे नाव कापणारा कारकून वाईट नव्हता. त्याच्या मते त्याने सगळे सांगितले होते.

निवृत्त झाल्यावर आता मी नाशिकलाच असतो. आठवड्यातून दोन दिवस सकाळी एका सरकारी दवाखान्यात, योजनांच्या खिडकीशेजारच्या बाकावर बसतो. मला कुणी नेमलेले नाही. लोक अर्ज घेऊन येतात, मी त्यांना अटी वाचून दाखवतो, विमा म्हणजे काय ते सांगतो, नाव कापले असेल तर का कापले ते आत जाऊन विचारून आणतो. परवा एका आजोबांना मी उत्पन्नाच्या दाखल्याची अट समजावत होतो. त्यांनी तीनदा मान हलवली आणि तिन्ही वेळा मला दिसत होते की त्यांना कळलेले नाही. चौथ्यांदा मी कागद बाजूला ठेवून त्यांच्याच घरातल्या माणसांची नावे घेऊन सांगितले. ते म्हणाले, "आता समजलं." मग त्यांनी चष्मा पुसला, अर्ज माझ्याकडून काढून घेतला आणि स्वतःचे नाव स्वतःच्या हाताने लिहायला बसले.